करून पाहत वाचणे

धडा न अडखळता, मोठ्याने वाचणाऱ्या मुलाला तो कळलेला असतोच असे नाही. प्रश्न विचारला की मूल त्यातलाच एखादा शब्द धड्यात शोधते, तो शब्द असलेले वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवते आणि उत्तर बरोबर धरले जाते. काहीही न समजता असे उत्तर देता येते, ही वाचन शिकवणाऱ्यांची फार जुनी अडचण आहे. प्रयोगाची कृती सांगणाऱ्या मजकुरात मात्र ही पळवाट राहत नाही. ‘अर्धा पेला पाण्यात चिमूटभर मीठ टाका, ते पूर्ण विरघळल्यावरच दुसरी चिमूट टाका’ एवढे वाचून मुलाने मूठभर मीठ एकदम ओतले, तर ‘पूर्ण विरघळल्यावरच’ हे शब्द नजरेखालून गेले पण डोक्यात शिरले नाहीत, हे तिथल्या तिथे दिसते. ते त्या मुलालाही दिसते, आणि मग ते आपण होऊन पुन्हा त्या ओळीकडे वळते. साध्या प्रयोगांतून आकलनपूर्वक वाचन शिकवण्याची ही वाट गेल्या दोनशे वर्षांत निरनिराळ्या लोकांना निरनिराळ्या निमित्ताने सापडली. भारतातला तिचा सर्वांत भरीव प्रयत्न नर्मदाकाठच्या सरकारी शाळांत झाला, आणि त्याला मुंबई-पुण्याचाही हातभार लागलेला आहे.

या वाटेवरचे पहिले महत्त्वाचे पुस्तक शाळेसाठी लिहिलेले नव्हते. जेन मार्सेट ही लंडनमधील एका डॉक्टरची पत्नी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने ऐकायला जाई. आरंभी त्यातले तिला फारसे कळेना. एका परिचितासोबत त्या विषयावर गप्पा झाल्या, प्रयोग पुन्हा करून पाहिले, आणि मग तीच व्याख्याने तिला सुबोध वाटू लागली. या अनुभवातून तिने १८०६ सालचे ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ हे पुस्तक निनावी लिहिले. मिसेस बी. नावाची शिक्षिका आणि एमिली व कॅरोलिन या दोन विद्यार्थिनी यांचा तो संवाद आहे. मुली शंका काढतात, चुकीचे तर्क करतात, प्रयोग पाहतात आणि आपले म्हणणे सुधारतात. मजकूर समजावून घेताना वाचकाच्या मनात जे चालायला हवे, ते मार्सेटने पुस्तकातच दोन मुलींच्या तोंडी घातले.

तिचा सर्वांत प्रसिद्ध वाचक म्हणजे मायकेल फॅरडे. लोहाराच्या घरात जन्मलेला, जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती शाळा शिकलेला हा मुलगा १८०५ मध्ये लंडनच्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला. बांधणीला आलेली पुस्तके तो वाचून काढी. त्यांतच मार्सेटचे पुस्तक होते आणि ब्रिटानिका विश्वकोशातला विजेवरचा लेखही होता. आठवड्याला थोडेसे पेन्स खर्चून भागतील असे प्रयोग तो करी आणि पुस्तकातले विधान खरे ठरते का ते पाही. १८५८ मध्ये मार्सेटच्या निधनानंतर लिहिलेल्या पत्रात त्याने या वाचनाचे मोल सांगितले आहे. लहानपणी कल्पनाशक्ती इतकी तरल होती की अरबी कथा आणि विश्वकोश दोन्हींवर आपला सारखाच विश्वास बसे. वस्तुस्थिती तपासून घेण्याच्या सवयीने आपल्याला तारले, असा त्याचा भाव आहे. छापलेल्या प्रत्येक गोष्टीवर विश्वास ठेवणारा वाचक ते विधान पारखून घेणारा वाचक कसा बनतो, याचे इतके स्वच्छ वर्णन वाचनशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचित मिळेल.

पुढे फॅरडेने मुलांसाठी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळातील व्याख्याने दिली. मेणबत्तीवरची त्याची व्याख्यानमाला १८६१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि ते पुस्तक आजही वाचले जाते.

शाळेत प्रत्यक्ष वस्तू आणण्याची कल्पना दुसऱ्या बाजूने आली. स्वित्झर्लंडच्या योहान हाइनरिख पेस्टालोझी यांचा आग्रह होता की मुलाला शब्द देण्याआधी वस्तू द्यावी. त्यांच्या विचारावर बेतलेले एलिझाबेथ मेयो यांचे वस्तुपाठांचे पुस्तक १८३० च्या सुमारास इंग्लंडमध्ये निघाले. त्यात काचेचा तुकडा मुलांच्या हाती द्यायचा आणि पारदर्शक, ठिसूळ, गुळगुळीत अशी विशेषणे त्यांच्याकडून काढून घ्यायची, अशी योजना होती. पण हा उपक्रम हजारो शाळांत पसरला तेव्हा काचेचा तुकडा बाजूला राहिला आणि विशेषणांची यादी पाठ करून घेतली जाऊ लागली. प्रयोगाधारित शिक्षणावर हे संकट पुढेही वारंवार आले.

मराठीत छापील शास्त्रीय वाङ्मय सुरू झाले ते नेमक्या याच काळात. हरि केशवजी पाठारे यांनी १८३० च्या दशकात पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र संवादरूपाने मराठीत आणले. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये काढलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकातूनही सृष्टिविज्ञानाचे विषय मराठी वाचकांपुढे आले. या मंडळींपुढची अडचण मार्सेटपेक्षा मोठी होती. विषय नवा, त्यासाठी लागणारी भाषाही घडायची होती, आणि वाचक ज्या वस्तूंबद्दल वाचत होता त्यांतल्या अनेक त्याने पाहिलेल्याच नव्हत्या. संवादाची धाटणी इथे उपयोगी पडली, कारण प्रत्येक नव्या शब्दापाशी शिष्याला थांबता येते आणि ‘म्हणजे काय’ असे विचारता येते. शाळांमध्ये मात्र पाठांतराचीच पद्धत राहिली. प्रयोग गुरुजींनी टेबलावर करून दाखवायचा, तोही तपासणीस येणार असतील तर, अशी कित्येक ठिकाणची रीत होती.

१९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाभोवती शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम केला. सूत कातणाऱ्या मुलाने किती तार कातले, कापूस कुठला, पेळू कसा होता, याची नोंद लिहायची आणि ती वाचून दाखवायची, हे त्यात अभिप्रेत होते. हाताचे काम आणि वाचन-लेखन एकत्र आणण्याचा हा देशी पाया होता. मात्र ‘नई तालीम’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या योजनेचा भर उद्योगावर होता. अनोळखी मजकुराला सामोरे जाऊन त्यातून अर्थ काढण्याचे शिक्षण तिच्या केंद्रस्थानी नव्हते.

ते काम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. दुसऱ्या महायुद्धात प्रयोगशाळा उद्ध्वस्त झालेल्या देशांतील शिक्षकांसाठी जे. पी. स्टिफन्सन यांनी एक छोटी पुस्तिका लिहिली होती. तिचाच विस्तार होऊन १९५६ मध्ये युनेस्कोचे विज्ञानशिक्षकांसाठीचे संदर्भपुस्तक निघाले. डबे, बाटल्या, तारा, मेणबत्त्या यांतून उपकरणे कशी करावीत हे त्यात होते. गरीब देशांतल्या शिक्षकांना या पुस्तकाने धीर दिला. भारतात पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञ महापालिकेच्या शाळांत विज्ञान शिकवण्याचे प्रयोग करू लागले. त्यातून १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले; वि. गो. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक. त्याआधीच टाटा संस्थेतून बाहेर पडलेले अनिल सद्गोपाल मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात ‘किशोर भारती’ या संस्थेचे काम उभे करण्यात गुंतले होते.

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ सरकारी माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, सुरू झाला. ‘किशोर भारती’ आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो चालवला. दिल्ली विद्यापीठ, टाटा संस्था आणि इतर ठिकाणचे वैज्ञानिक सुट्ट्यांत येऊन शिक्षकांबरोबर काम करीत. १९७८ मध्ये राज्य सरकारने तो जिल्ह्यातल्या सर्व माध्यमिक शाळांत नेला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे त्याची धुरा घेतली आणि तो आणखी जिल्ह्यांतही पोहोचला. या कार्यक्रमाविषयी लिहिताना बहुतेक जण त्यातल्या स्वस्त साहित्याचे कौतुक करतात, आणि ते रास्तही आहे. फुलाचे भाग वेगळे करायला सुईऐवजी बाभळीचा काटा चालतो, ही गोष्ट खेड्यातल्या शाळेला प्रयोगशाळेच्या भीतीतून मुक्त करणारी होती. तरीही त्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या पाठ्यपुस्तकात होते.

‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या या हिंदी पुस्तकात उत्तरे नव्हती. त्यात कृती होत्या, चित्रे होती आणि प्रत्येक कृतीनंतर प्रश्न होते. चार-चार मुलांच्या टोळीने कृती वाचायची, साहित्य घ्यायचे, करायचे, काय दिसले ते वहीत लिहायचे आणि मग सगळ्या वर्गाने मिळून निष्कर्ष काढायचा. मुलाची वही आणि छापील पुस्तक मिळूनच पाठ्यपुस्तक पूर्ण होत असे. त्यामुळे मजकूर घोकून उपयोग नव्हता. घोकण्यासारखे त्यात फारसे काही ठेवलेच नव्हते. पारिभाषिक संज्ञा आधी न देता, ती गोष्ट मुलांनी पाहिल्यावर आणि आपल्या शब्दांत सांगितल्यावरच द्यायची, असाही आग्रह होता.

यातला ‘जड़ और पत्ती’ हा सहावीचा पाठ जवळून पाहण्यासारखा आहे. मुलांनी परिसरात जाऊन रोपे मुळासकट उपटून आणायची, मुळे धुवायची आणि प्रत्येक रोपाचे पान उजेडासमोर धरून त्यातल्या शिरा पाहायच्या. शिरा जाळीसारख्या आहेत की एकमेकींना समांतर, आणि मुळाला एक मोठा सोट आहे की झुबका, हे तक्त्यात लिहायचे. तक्ता भरत जातो तसा संबंध उलगडतो: जाळीदार शिरांच्या रोपांना सोटमूळ, समांतर शिरांच्या गवत-ज्वारीसारख्या रोपांना तंतुमुळे. हा नियम पुस्तकात आयता दिला असता तर दोन ओळींत संपला असता आणि परीक्षेनंतर विसरला गेला असता. इथे मुलाला आधी कृती वाचावी लागते, मग स्वतः भरलेला तक्ता वाचावा लागतो, आणि शेवटी त्या तक्त्यातून एक वाक्य लिहावे लागते. उभ्या-आडव्या रकान्यांतून अर्थ काढणे हे वाचनच आहे, आणि भाषेच्या तासाला ते बहुधा शिकवले जात नाही. कुणी अळूचे रोप आणले तर पंचाईतच. त्याची पाने जाळीदार आणि मुळे झुबक्याची. मग ‘सर्व’ रोपे म्हणायचे की ‘बहुतेक’, यावर वाद होतो. ‘सर्व’ आणि ‘बहुतेक’ यांतला फरक मजकुरात हेरणारा वाचक असाच तयार होतो.

परीक्षाही याला साजेशी होती. लेखी परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा असे आणि प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा होई. उघड्या पुस्तकात उत्तर सापडणार नाही असा प्रश्न काढणे शिक्षकांना जड गेले. त्यासाठी त्यांना स्वतःच पुस्तक नव्याने वाचावे लागले. उन्हाळी प्रशिक्षणात शिक्षक मुलांच्या जागी बसून सगळे प्रयोग करीत, आणि एखादी सूचना संदिग्ध असेल तर ते तिथेच सांगत. पुढच्या आवृत्तीत ती बदले. मुलांनी आपल्या शंका ‘सवालीराम’ या काल्पनिक मित्राला पत्राने कळवायच्या आणि त्याच्याकडून उत्तर मिळवायचे, अशीही सोय होती. पाठ्यपुस्तकाबाहेर, स्वतःच्या नावाने आलेले पत्र वाचणे हा खेड्यातल्या कित्येक मुलांसाठी अपूर्व अनुभव असणार.

मुंबईच्या होमी भाभा केंद्राने हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. महापालिकेच्या मराठी शाळांतील आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील मुलांबरोबर काम करताना तिथल्या अभ्यासकांना दिसले की विज्ञान अवघड जाण्याचे एक मोठे कारण पुस्तकाची भाषा आहे. लांबलचक वाक्ये, एकात एक अडकलेली उपवाक्ये, कर्मणी रचना आणि घरी कधी न ऐकलेले संस्कृत शब्द यांत आशय हरवून जातो. कुलकर्णी आणि वि. ग. गंभीर यांनी विज्ञानाचा आशय तोच ठेवून भाषा तेवढी सोपी केली. ज्या वर्गांना असा मजकूर मिळाला त्यांची समज सुधारल्याचे त्यांना आढळले. १९८१ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. दलित आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांना बुद्धी कमी असते, असा जो समज शाळांत मुरलेला होता, त्याला या कामाने थेट छेद दिला. मुलांपुढची भिंत अनेकदा भाषेची होती, आणि ती पुस्तक लिहिणाऱ्यांनीच उभी केलेली होती.

अमेरिकेत वाचनाचे संशोधक विज्ञान आणि वाचन यांच्या नात्याकडे उलट दिशेने आले. तिथे प्राथमिक शाळांत वाचनाचा तास वाढत गेला आणि विज्ञानाचा आक्रसत गेला. नॅन्सी रोमान्स आणि मायकेल व्हिटाली यांनी फ्लोरिडात चौथीच्या वर्गांत वाचनाचा नेहमीचा तास बाजूला ठेवून रोज दोन तासांचे विज्ञान शिकवले. त्यातच प्रयोग, वाचन आणि लेखन होते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ही मुले विज्ञानातच नव्हे, तर वाचनाच्या चाचणीतही पुढे गेलेली दिसली. मेरीलँडमध्ये जॉन गथरी यांनी १९९० च्या दशकात तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी अशीच पद्धत बांधली. मुले घुबडाने ओकलेली गोळी उलगडून त्यातली हाडे वेगळी करीत आणि मग हे हाड कुणाचे हे शोधायला पुस्तकांकडे धाव घेत. बर्कलीच्या लॉरेन्स हॉल ऑफ सायन्सने पुढे वाचनतज्ज्ञ डेव्हिड पिअरसन यांच्यासह अभ्यासक्रम तयार केला. करणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे हे त्याचे चार पाय.

प्रयोगांनी वाचन का सुधारते, याची कारणेही या सगळ्यांतून स्पष्ट होतात. आकलन हे वाचकाला विषयाची आधी किती माहिती आहे यावर फार अवलंबून असते, आणि प्रयोग ती माहिती हाताशी आणून ठेवतो. वाचायला कारण मिळते. शिवाय एकच शब्द कृतीत, बोलण्यात, वहीत आणि पुस्तकात पुन्हा पुन्हा भेटतो, त्यामुळे तो पक्का होतो.

मात्र प्रयोग केला की वाचन आपोआप सुधारते, हे खरे नाही. जळत्या मेणबत्तीवर पेला उपडा घालण्याचा प्रयोग याची साक्ष देतो. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर काचेचा पेला: ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते. कित्येक पुस्तकांत लिहिलेले असते की पाचवा भाग ऑक्सिजन जळून गेला, म्हणून तेवढे पाणी चढले. मुलाने हे आधी वाचले की त्याला तेच दिसते. ज्या वर्गात आधी नीट पाहायला सांगितले जाते, तिथे मुले वेगळेच टिपतात. पेला ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडतात, आणि पाणी ज्योत जळत असताना जेमतेम हलते. ते झरझर चढते ते ज्योत विझल्यावर. म्हणजे तापलेली हवा आधी बाहेर गेली आणि उरलेली हवा थंड होऊन आकसली, हे मोठे कारण आहे. शिवाय जळताना ऑक्सिजनच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतो, ही गोष्ट पुस्तकातल्या त्या वाक्यात येतच नाही. पुस्तकातले वाक्य आणि वहीतली नोंद शेजारी ठेवून कुठे जुळते आणि कुठे नाही हे शिक्षकाने मुलांना वाचायला लावले, तरच या प्रयोगातून वाचक घडतो. शिक्षकाची ही जागा कोणतेही किट भरून काढू शकत नाही.

होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंद केला आणि त्या शाळांत राज्याचे नेहमीचे पुस्तक आले. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, पण निर्णय फिरला नाही. तीस वर्षे सरकारी शाळांत टिकलेले, शिक्षकांनी स्वतः घडवलेले असे दुसरे काम देशात दाखवणे कठीण आहे, आणि ते थांबवण्याची चूक आजही भरून निघालेली नाही.

त्याचे धागे महाराष्ट्रात मात्र जिवंत राहिले. पुण्याच्या टेल्को कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादला गेले. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे आणि आगकाड्या यांपासून भूमितीच्या आकृत्या करण्याची त्यांची कल्पना तिथेच आकाराला आली. पुढे अनेक वर्षे ते पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करीत होते. त्यांच्या पुस्तकांत वाक्ये छोटी, प्रत्येक वाक्याला एक चित्र आणि प्रत्येक चित्राला एक कृती असते. वाचायला नुकतेच शिकलेले मूलही चित्राच्या आधाराने वाक्य पुरे करते. हिंदी आणि मराठीतली शेकडो पुस्तके त्यांनी विनामूल्य उपलब्ध करून दिली. होमी भाभा केंद्रात जयश्री रामदास यांनी प्राथमिक शाळेसाठी पुस्तकमाला केली, ती मराठीत ‘हलकं-फुलकं विज्ञान’ या नावाने आली. मिनी आणि अपू या दोन मुलांच्या गोष्टीतून त्यात पाठ सुरू होतो, आणि सोबतच्या कार्यपुस्तिकेत मुलाला पाहणे, मोजणे, चित्र काढणे, लिहिणे अशी कामे असतात. मार्सेटच्या एमिली आणि कॅरोलिनचे हे मराठी शाळेतले वारस म्हणता येतील.

या प्रकारच्या वाचनाची गरज शाळेपुरती नाही, हे पुढे सर्वेक्षणांनीही मान्य केले. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०१७ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुला-मुलींना जलसंजीवनीचे पाकीट वाचायला दिले गेले. किती पाण्यात भुकटी मिसळायची, तयार झालेले पाणी किती तासांत संपवायचे, हे त्यावरच छापलेले होते, आणि त्यावरचेच प्रश्न त्यांना विचारले होते. अक्षरओळख असलेल्या सगळ्यांना ते सांगता आले नाही.